आमच्या मिरचीचं तिखट कुठं गेलं

गेल्या वर्षीच्या मार्चचा तिसरा रविवार, सकाळी साडेदहा. रक्कम तीनशे चाळीस रुपये. जागा आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं मिरची-कांडप. हजर माणसं आठ: मी, चटणीचा डबा धरून उभी असलेली माझी मुलगी, कांडप चालवणाऱ्या वहिनी, आणि आपापली मिरचीची पोती घेऊन रांगेत बसलेल्या पाच बायका. त्या पाचजणींसमोर मी वहिनींना सांगितलं की आमची मिरची तुमच्याकडं बदलली गेली आहे, त्यामुळं राहिलेले तीनशे चाळीस मी देणार नाही.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं. आमच्या घरी वर्षाची कांदा-लसूण चटणी मार्चमध्ये होते. मिरची घरची. जोतिबाच्या रस्त्याला आमचं थोडं रान आहे, त्यात तीन गुंठे दर वर्षी मिरचीला असतात. बी विकत आणत नाही. आईच्या आईपासून चालत आलेलं आहे. त्या वर्षी मिरची, मसाला, खोबरं सगळं मिळून सोळा किलो माल झाला. कांडपाचा दर किलोला चाळीस, म्हणजे सहाशे चाळीस. तीनशे मी रोख दिले. बाकीचे मोबाईलवरून पाठवायचे होते, पण रेंज नव्हती. वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊजी, कुठं पळून जाताय."

पुढच्या गुरुवारी शिरोळकडून माझी थोरली बहीण अक्का आणि तिचे यजमान आले. दाजींना आम्ही तांबडा रस्सा वाढला. त्यांनी वाटी तोंडाला लावली, सगळी संपवली, आणि माझ्या बायकोकडं न बघता मला विचारलं, "पावणं, ही चटणी हाय का कुंकू?"

अक्का म्हणाली, "गप जेवा की."

"जेवालोयच की. लहान पोरगं सुदीक दोन वाट्या पिईल म्हंतोय मी. कोल्हापुरात ऱ्हाऊन असला रस्सा? कुणाला सांगू नका."

दाजींची थट्टा मी एरवी मनावर घेत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी चटणी नुसती जिभेवर ठेवून पाहिली आणि ते खरं होतं. रंग लाल, वास चांगला, तिखट जेमतेम. मग मला कांडपाचा दिवस आठवला. आमच्याकडं कांडप चालू असताना घरचं एक माणूस शेजारी बसून राहतं. मालावरून नजर हलवायची नाही अशी रीत आहे. त्या दिवशी मी बसलो होतो, पण मध्ये चहाला गेलो होतो. जाताना आणि येताना घड्याळ पाहिलं होतं. बावीस मिनिटं. माझा हिशेब तयार झाला: बावीस मिनिटांत पोतं बदलता येतं.

हे मी रांगेसमोर बोललो. वहिनींनी मशीन बंद केलं. तोंडावरचं फडकं खाली ओढलं. म्हणाल्या, "सतरा वर्सं झाली ह्या धंद्यात. कुनाच्या एका देठाला हात लावला न्हाय. चटणी न्या, पैसं ठेवा. पर परत हितं येऊ नका, पावणं."

सकाळपर्यंत मी भाऊजी होतो. पावणं म्हणजे आमच्याकडं सोयराही असतो, आणि रस्त्यावरचा अनोळखी माणूसही. दाजींनी एका अर्थानं म्हटलं होतं, वहिनींनी दुसऱ्या.

गल्लीत माझ्याबद्दल एक समज आहे: हा माणूस मोजल्याशिवाय बोलत नाही. त्यामुळं मी बोललेलं लोकांनी मोजलेलंच धरलं. पुढच्या आठ-दहा दिवसांत आमच्या गल्लीतल्या सात घरांनी आपली मिरची चौकापलीकडच्या कांडपावर नेली. वहिनींची वर्षाची कमाई अडीच महिन्यांची असते, मार्च ते मेचा मध्य. पावसाळ्यात त्यांच्याकडं भाजणीची दळणं येतात तेवढीच.

हे मला मुलीनं सांगितलं. ती अकरावी सायन्सची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि बारावीच्या जीवशास्त्राचं पुस्तक आधीच आणून वाचत होती. उत्क्रांतीच्या धड्यावर आली होती. त्या दिवसापासून माझ्याशी ती कामापुरतंच बोलत होती, कारण डबा तिच्या हातात होता आणि रांगेतल्या बायकांमध्ये तिच्या मैत्रिणीची आई होती.

"पप्पा, तुमच्याकडं पुरावा काय?" तिनं विचारलं.

"बावीस मिनिटं."

"ती संधी झाली. पुरावा न्हाय."

मग तिनं माझी वही मागितली. लग्न झाल्यापासून मी घरात काय किती लागलं ते लिहून ठेवतो, चटणीही. मुलीनं चौरसांच्या कागदावर आडवी वर्षं घेतली, उभे किलो घेतले आणि ठिपके मारत गेली. आई असतानाची शेवटची चटणी नऊ किलो. तेव्हा घरात सहा माणसं, त्यातली मुलगी तीन वर्षांची. नऊ किलो बारा महिने पुरलं होतं. त्यानंतर साडेनऊ, दहा, दहा, अकरा. मग वडील गेले, धाकटा भाऊ पुण्याला गेला, माणसं कमी झाली आणि चटणी वाढतच गेली. दर दोन वर्षांनी किलोभर: बारा, तेरा, चौदा, पंधरा. आता सोळा, आणि खाणारी माणसं चार.

माझी बायको कागदाकडं बघून म्हणाली, "रंग यायचा आणि तिखट यायचं न्हाय. म्हणून मी चमचा वाढवत गेले. मला वाटलं, आपल्यालाच जास्त लागायलंय."

मुलीनं चौदा किलोच्या ठिपक्यावर पेन्सिल टेकवली. "वहिनींच्याकडं आपण इथून जायला लागलो. चार वर्षं झाली. त्याच्या आधी जुन्या पेठेतल्या गिरणीत जायचो. रेघ इथं वाकली का?"

वाकली नव्हती. रेघ चौदा वर्षं एकाच चढानं वर जात होती. कांडप बदललेलं तिला कळलंही नव्हतं. पुरावा माझ्याच अक्षरात होता आणि तो वहिनींच्या बाजूचा होता.

मी म्हणालो, जमीन थकली असेल. खत, पाणी, हवा. मुलगी म्हणाली, असेलही, पण मग एक विचारते, दाजींच्या घरी कुठली मिरची? मला ते माहीत होतं. अक्काच्या लग्नात आईनं तिच्याबरोबर ह्याच मिरचीचं बी दिलं होतं. सव्वीस वर्षं ती तेच लावते आहे. म्हणजे दाजींनी ज्या मिरचीला नावं ठेवली आणि ज्या मिरचीच्या जोरावर ठेवली, त्या दोन्हींचा मूळ डबा एकच होता.

मुलीला हे फार आवडलं. तिनं पुस्तकातलं झाडासारखं चित्र दाखवलं. खाली एक बुंधा, वर फांद्या. "एका मूळ वंशाच्या दोन फांद्या, पप्पा. वेगळ्या झाल्या की दोघींचं दोघींच्या वाटेनं होत जातं. प्रश्न एवढाच, आपल्या फांदीवर कोण बसलं होतं."

कोण बसलं होतं ते आम्हाला गुढीपाडव्यानंतरच्या शनिवारी, दुपारी तीनच्या सुमारास दिसलं. ओसरीत आत्ती बी काढत होती. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची बहीण; मुलगी तिला आजी म्हणते. आई गेली त्या वर्षी ती आमच्याकडं राहायला आली आणि आईची कामं तिनं न सांगता उचलली, त्यातलंच बियाचं एक. फोडणीसाठी म्हणून कांडपाला न देता दोन किलो मिरची घरात ठेवतो, त्यातूनच ती पुढच्या वर्षीचं बी काढते. आई बी काढायची ती मिरच्या पोत्यात घालून, वरून काठीनं बडवून. सगळ्यांचं बी एकत्र. आत्तीला ते धसमुसळं वाटायचं. ती एकेक मिरची हातानं फोडायची.

आत्तीच्या उजव्या अंगठ्याला भेग आहे. भाकरी थापून पडलेली, कधी न भरणारी. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. तिनं एक मिरची मोडली, अंगठा आत फिरवला आणि स्स् करून ती उजवीकडच्या परातीत टाकली. "लई माजलीया." दुसरी मोडली, अंगठा फिरवला, काही झालं नाही. तिचं बी तिनं निवांतपणे डावीकडच्या वाटीत झाडलं. तिसरी उजवीकडं. चौथी डावीकडं.

डावीकडची वाटी पुढच्या वर्षी पेरायची. उजवीकडची परात खायची.

मुलगी माझा हात दाबून धरून उभी होती. चौदा वर्षं ही ओसरी माझ्या डोळ्यासमोर होती आणि मी कधी पाहिलं नव्हतं, कारण माझं लक्ष वजनावर असायचं.

त्या संध्याकाळी मुलीनं मला धडा समजावला, आणि मला तो समजला, म्हणून इथं लिहितो. मी म्हणालो होतो, म्हणजे आत्तीच्या अंगठ्याकडं बघून मिरची हळूहळू सौम्य झाली म्हणायची. ती म्हणाली, हीच चूक सगळे करतात. एकही मिरची बदललेली नाही. जी जशी लागली, तशीच पिकली आणि तशीच वाळली. बदलला तो हजेरीपट. "वर्गात पन्नास पोरं आहेत समजा. काही बडबडी, काही गप्प. दर वर्षी बडबड्यांना काढलं आणि गप्प बसणाऱ्यांच्याच भावंडांना प्रवेश दिला, तर चौदा वर्षांनी वर्ग शांत होईल. पण शांत बसायला कुणीच शिकलेलं नसेल."

त्यासाठी तीन गोष्टी लागतात, ती म्हणाली. एक, सगळ्या मिरच्या सारख्या नसाव्या लागतात. झाड बी धरतं तेव्हा आधीच्या पिढीच्या गुणांची नवी वाटणी होते, आणि क्वचित नक्कल उतरताना चूकही होते. त्यामुळं त्या सारख्या नसतातच. दोन, तिखटपणा बियातून पुढं जावा लागतो. तीन, काहींचं बी जास्त पेरलं जावं आणि काहींचं कमी. हे तिन्ही असलं की बदल होतोच. कुणी ठरवावं लागत नाही. आत्तीनं काही ठरवलं नव्हतं, तिला फक्त झोंबत होतं.

"मग रानातली मिरची मुळात तिखट झालीच कशाला?" मी विचारलं.

"तिथं निवडणारा वेगळा. बुलबुल लाल मिरची खातो, बघितलाय न्हवं रानात? पाखरांना तिखट झोंबत नाही, आणि बी त्यांच्या पोटातून जसंच्या तसं लांब जाऊन पडतं. उंदीर बी चावून टाकतो, आणि त्याला झोंबतं. मग तिखट झाडाचीच पोरं जास्त उरली. मिरची मूळची अमेरिकेतली, तिथल्या रानात असलीच पाखरं निवडत होती, आपल्याकडं आजी निवडते."

मला पटलं होतं, तरी माझ्या स्वभावाप्रमाणं मोजायचं ठरवलं. आत्तीनं फोडलेल्या मिरच्यांचे दोन ढीग होते, बी काढून घेतलेल्यांचा आणि परातीतल्यांचा; त्यांतून मुलीनं बारा-बारा घेतल्या. प्रत्येक वेगळी कुटली, सारखं वजन, सारखं ताक. कुठली कुठल्या ढिगातली ते फक्त तिला माहीत. एका दिवशी चारपेक्षा जास्त चाखल्या तर जीभ खोटं बोलेल म्हणून सहा दिवस घेतले. मी आणि बायकोनं पाचपैकी गुण दिले. बियाच्या ढिगातल्या बारांपैकी दहांना आमच्या दोघांचेही तीनपेक्षा कमी गुण. खायच्या ढिगातल्या बारांपैकी चारांना.

मी म्हणालो, चोवीस मिरच्या थोड्या आहेत. अक्काचं बी आणून पावसाळ्यात दोन्ही एकाच रानात लावू, खत-पाणी सारखं देऊ, मग मातीचा प्रश्न निकालात निघेल. त्यानंतर वहिनींच्याकडं जातो.

मुलीनं पुस्तक मिटलं. "मिरची लागंल डिसेंबरात. वहिनींचा सीझन संपतोय मेमध्ये. आरोप करताना तुम्हाला बावीस मिनिटं पुरली. माफी मागायला नऊ महिने पायजेत व्हय?"

मी वहिनींच्याकडं जायचं कबूल केलं.

पण त्याआधी आत्तीला सांगावं लागणार होतं, कारण मी गल्लीत बोललो असतो तर ते तिच्या कानावर गेलंच असतं. मुलीनंच सांगितलं. आत्तीनं सगळं ऐकून घेतलं, अंगठा वर करून पाहिला.

"म्हंजे मीच केलं व्हय हे?"

"तू मुद्दाम नाही केलंस आजी. निसर्ग जे करतो तेच तू केलंस."

"निसर्गाच्या बोटाला भेगा पडत्यात व्हय?" आत्ती म्हणाली. मग अंगठा पदराला पुसून, "आनि ती कांडपवाली बिचारी शिव्या खात बसली? उठ की रं, बसलास काय. रविवार हाय, आत्ता रांग आसंल."

एप्रिलचा दुसरा रविवार होता. रांगेत तीनच बायका होत्या. महिन्यापूर्वीच्या पाचजणींपैकी एक त्यांत होती. मी वही आणि चौरसांचा कागद बरोबर नेला होता. उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की माझं चुकलं, मिरची आमच्याच घरात चौदा वर्षांपासून सौम्य होत आली आहे, आणि त्यात वहिनींचा काही संबंध नाही. वहिनींनी मशीन बंद केलं नाही. मला आवाज वाढवून सगळं पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगून झाल्यावर त्यांनी मशीन बंद केलं.

"ऐकलं हुतं पयल्यांदाच," त्या म्हणाल्या. "पर तेवा तुमी लई मोठ्यानं बोलला हुतासा, म्हटलं आताबी तेवढ्याच मोठ्यानं हुंदे."

मी पाचशेची नोट पुढं केली. त्यांनी गल्ल्यातून एकशे साठ मोजून परत दिले. मी ठेवा म्हणालो, तर म्हणाल्या, "माझं तीनशे चाळीसच व्हतं." मग कागद हातात घेऊन त्यांनी ठिपके पाहिले. चौदा किलोवर बोट ठेवलं. "हितनं आमी?" मी हो म्हणालो. तो कागद त्यांनी ठेवून घेतला आणि दराच्या पाटीखाली खिळ्याला अडकवला.

त्या सात घरांत मी एकेक करून गेलो. चटण्या तोवर कुटून झाल्या होत्या, त्यामुळं त्या वर्षी माझ्या जाण्याचा वहिनींना पैशांत काही उपयोग झाला नाही. हे इथं स्पष्ट लिहितो.

मेमध्ये मी आणि मुलगी शिरोळला बी आणायला गेलो. अक्काच्या मिरच्या पाहून मुलगी पुन्हा थांबली. सगळ्यांची टोकं वाकडी. आमच्यात वाकडं टोक शंभरात एखादं. अक्का म्हणाली, महापुराच्या वर्षी घरात छातीएवढं पाणी होतं. माळ्यावरच्या डब्यात मूठभर बी राहिलं, तेवढ्यावर पुढचं सगळं. मुलीनं मला समजावलं की हे निवडीनं झालेलं नाही. वाकड्या टोकाचा मिरचीला काही फायदा नाही. ती मूठ योगायोगानं वाकड्या टोकांची निघाली, एवढंच. मूठ लहान असली की योगायोग मोठा होतो. मी हे वहीत लिहून घेतलं.

दाजींना सगळं कळलं होतंच. "मंजे आमी तुमच्याच मिरचीनं तुमाला हाणलं म्हना की!" म्हणून ते बराच वेळ हसत राहिले. बियाचे पैसे अक्कानं घेतले नाहीत. तिनं मागितली ती आमची सौम्य चटणी, एक किलो, तीन वर्षांच्या नातवासाठी. तो जेवताना तिखट म्हणून रडायचा. मी म्हणालो, तुम्ही जिला कुंकू म्हटलं तीच? मुलगी म्हणाली, मिरचीत चांगली-वाईट अशी पायरी नसते पप्पा, कोण निवडतंय त्यावर असतं.

जुलैमध्ये तीन गुंठ्यांत दोन्ही बियांची रोपं लावली. पाखरं-माश्या परागांची भेसळ करतील म्हणून पुढच्या बियासाठीची झाडं मुलीनं दोन टोकांना ठेवायला लावली. माती, पाणी, शेण सारखं. जानेवारीत वाळलेल्या मिरच्या पुन्हा ताकात चाखल्या. अक्काच्या ओळींना आमचे सरासरी चार, आमच्या ओळींना दोन. मातीचा दोष नव्हता.

आत्ती आता बी पोत्यात घालून काठीनं बडवते. कंटाळवाणं काम आहे म्हणते, माजलेली कुठली ते कळत नाही.

या मार्चमध्ये अक्काच्या बियाच्या मिरचीची चटणी केली, ती दहा किलो झाली. सात घरांपैकी पाच वहिनींच्याकडं परतली होती, दोन नाही. मी मशीनशेजारी स्टुलावर बसलो आणि मुलगी बारावीचा शेवटचा पेपर देऊन तिथंच आली. वहिनींनी एकदा विचारलं, "चहाला जाऊन येता काय, भाऊजी?" मी गेलो. दहा किलोचे चाळीसप्रमाणे चारशे रुपये, पूर्ण, रोख, जागेवर, वहिनींना दिले.